शेतकऱ्याचे इसब

इसब हा त्वचेचा दीर्घकाळ रेंगाळणारा, खाज आणणारा दाह आहे. तो ताजा असतो तेव्हा कातडी लाल होते, बारीक पाणीदार पुटकुळ्या येतात, त्या फुटून लस वाहते आणि जागा खपली धरते. याला लोक ओले इसब म्हणतात. महिनोन्‌महिने खाजवल्यानंतर तीच जागा जाड, काळपट आणि राठ होते, तिच्यावरच्या रेघा ठळक दिसू लागतात, सांध्यांवर भेगा पडतात. हे कोरडे इसब. डॉक्टर दोन्हींना एक्झिमा किंवा डर्माटायटिस म्हणतात. इसब एकाचे दुसऱ्याला लागत नाही. स्पर्शाने नाही, कपड्याने नाही, एका ताटात जेवल्यानेही नाही. खरूज आणि गजकर्ण हे मात्र संसर्गाचे रोग आहेत. दिसायला हे तिन्ही एकमेकांच्या जवळचे असल्याने लोक तिघांनाही एकाच मापाने मोजतात, आणि इसबाच्या रोग्याच्या वाट्याला येणाऱ्या त्रासाचा मोठा भाग या गैरसमजातून निर्माण होतो.

मोठ्या माणसांत इसब अनेक वाटांनी येते. काहींचे ते लहानपणापासून चालत आलेले असते. त्यांच्या घरात दमा किंवा सततची सर्दी-शिंका असतात. अशा अनेकांच्या त्वचेत फिलॅग्रिन नावाचे प्रथिन जन्मतःच कमी बनते, हे २००६ साली उघड झाले. या प्रथिनामुळे त्वचेचा वरचा थर घट्ट राहतो आणि त्यात ओलावा टिकतो. ते कमी पडले की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ आत शिरतात. काहींना इसब कामातून लागते. गवंड्यांच्या हाताला सिमेंटमधल्या क्रोमेटमुळे, दिवसभर धुणे-भांडी करणाऱ्या बायकांना साबण आणि सोड्यामुळे, लसूण सोलणाऱ्यांच्या बोटांच्या टोकांना लसणातल्या तिखट द्रव्यामुळे, तर पावलांना चपलेच्या रबरामुळे. शेतकरी आणि शेतमजुरांत मात्र एक कारण ठळकपणे वेगळे निघते. ते म्हणजे गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणूनही ते सगळ्यांच्या ओळखीचे आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, उमरगा तालुक्यात कर्नाटकाच्या सीमेलगत असलेले मुरुम हे अशा इसबाला पोषक प्रदेशातले गाव आहे. नगरपरिषद, महाविद्यालय, बाजारपेठ आणि साखर कारखाना असले तरी गावाचा आणि आसपासच्या वस्त्यांचा जीव शेतीवर आहे. सोयाबीन, तूर, उडीद, हरभरा, ज्वारी आणि पाणी असेल तिथे ऊस. पहिल्या पावसानंतर बांध, गायरान, रस्त्याच्या कडा, पडीक जागा आणि उकिरड्याच्या भोवती गाजर गवत उगवते आणि श्रावणापर्यंत पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जाते. एक झाड तीन-चार महिन्यांत आपले जीवनचक्र पुरे करते आणि पंचवीस हजारांपर्यंत बी टाकू शकते. ओल मिळाली की ते वर्षातून पुन्हा पुन्हा उगवते. कोरडवाहू जमिनीचा पडीक तुकडा त्याला विशेष मानवतो, आणि अवर्षणाच्या पट्ट्यात असे तुकडे वाढतच जातात.

ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. भारतात तिच्याकडे पहिल्यांदा ठळकपणे लक्ष गेले ते पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती महाराष्ट्रभर आणि मग देशभर पसरली. तिच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाची भारतातली पहिली वैद्यकीय नोंदही पुण्याचीच आहे. डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी १९६८ साली अशा रुग्णाचे वर्णन छापले, आणि १९७४ साली डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसह पुणे भागातल्या रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. संपर्कजन्य इसबावरच्या जागतिक वाङ्मयात त्यामुळे पुण्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. महाराष्ट्राला याची जाणीव फारशी नाही, ही खेदाची गोष्ट आहे. रोग इथे सापडला, इथल्या डॉक्टरांनी ओळखला, आणि तरी खेड्यातला माणूस आजही ‘रक्त खराब झाले’ एवढ्या निदानावर वर्षे काढतो.

गाजर गवताच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाड वाळले की या लवेचे आणि पानांचे कण धुळीबरोबर हवेत उडतात आणि उघड्या त्वचेवर बसतात. त्यामुळे या रोगाला गवत हाताने उपटावेच लागते असे नाही. वाऱ्याच्या बाजूला ते वाढलेले असले तरी पुरते. पहिल्या स्पर्शाने सहसा काही होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा हे द्रव्य शत्रू म्हणून ओळखायला वेळ घेते, आणि कित्येकांची पंधरा-वीस वर्षे काही न होता जातात. म्हणून रोगी म्हणतो, ‘आयुष्यभर हेच गवत उपटत आलो, आताच कसे होईल?’ पण एकदा ओळख पटली की ती बहुधा जन्मभर टिकते, आणि त्यानंतर कणभर धूळही पुरते. स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी दाह उमटतो, त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध रोग्याच्या लक्षात येत नाही.

सुरुवात पापण्यांपासून होते. पापण्या सुजतात, मग मान, गळ्याचा उघडा भाग, कानामागची जागा, कोपराची आणि गुडघ्यामागची घडी धरते. पहिली काही वर्षे पावसाळ्यात उठायचे आणि हिवाळ्यात बसायचे असा क्रम चालतो. पुढे तो क्रम मोडतो आणि इसब बारमाही होते. काहींत ऊनही सोसेनासे होते. चेहरा, मान आणि हाताची पाठ जाड, सुरकुतलेली आणि काळी पडते. उपचार न झालेल्या थोड्या रुग्णांत सगळे अंगच लाल होऊन साल सुटू लागते. ती जिवावरची अवस्था असते आणि रुग्णालयात दाखल व्हावेच लागते. आणखी एक अडचण म्हणजे याच कुळातल्या इतर वनस्पतीही त्रास देऊ लागतात. सूर्यफूल आणि शेवंती ही त्यातली परिचित नावे. ज्याच्या शेतात सूर्यफूल उभे आहे त्याला हे सांगणे म्हणजे पिकाचीच वाईट बातमी सांगणे असते.

नोंदलेल्या रुग्णांत पुरुषांची संख्या बरीच जास्त असते आणि वय बहुधा तिशीच्या पुढचे. खुरपणी मात्र प्रामुख्याने बायकाच करतात. डोक्यावरचा पदर आणि अंगभर कपडा यांनी त्यांचा काही बचाव होत असेल. पण बायका शहरातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचतातच कमी, हेही तितकेच खरे, आणि रुग्णालयाच्या नोंदीवरून काढलेले हे प्रमाण सावधपणेच घ्यायला हवे.

इसबाने माणूस सहसा मरत नाही. त्यामुळे सार्वजनिक आरोग्याच्या यादीत ते खाली राहते. पण रोगाने किती जीव गेले एवढेच न मोजता किती आयुष्य बिघडले हेही मोजले की चित्र पालटते. जागतिक रोगभाराच्या २०१३ च्या मोजणीत सर्व त्वचारोगांमध्ये इसब-वर्गाचे दाह पहिल्या क्रमांकावर आले. एकेका रोग्याचे बिघडलेले आयुष्य मोजण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली वेल्समधल्या कार्डिफ इथे अँड्र्यू फिनले आणि गुल खान यांनी १९९४ साली तयार केली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. प्रश्न फक्त गेल्या आठवड्याबद्दल विचारतात. खाज-आग किती झाली, संकोच किती वाटला, बाजारहाट आणि घरकाम किती अडले, कपडे बदलावे लागले का, लोकांत मिसळणे, खेळ, काम किंवा शिक्षण, जवळच्या माणसांशी संबंध, लैंगिक संबंध आणि शेवटी खुद्द उपचाराचा त्रास. दहाच्या वर गुण गेले की आयुष्यावर फार मोठा परिणाम झाला असे धरतात. वीसच्या वर म्हणजे परिणामाची पराकाष्ठा. शंभराहून अधिक भाषांत ही प्रश्नावली गेली आहे. मुरुमच्या शिवारात तिचा एकेक प्रश्न लावून पाहिला तर इसब काय काय हिरावून घेते ते कळते, आणि तिची मर्यादाही कळते.

खाज हा पहिला प्रश्न आहे आणि तो योग्य जागी आहे, कारण बाकीचे सगळे त्यातूनच निघते. इसबाची खाज डास चावल्यासारखी येऊन जाणारी नसते. दाहात तयार होणारी रासायनिक द्रव्ये त्वचेतल्या मज्जातंतूंना थेट चेतवतात. खाजवले की क्षणभर बरे वाटते, पण त्वचा फाटते, दाह वाढतो आणि खाज दुप्पट होऊन येते. अंगावरच्या पित्ताला उतार देणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, कारण त्या ज्याला रोखतात त्या हिस्टामीनची ही खाज मुख्यतः नसते. जुन्या गोळ्यांनी गुंगी येते आणि तोच त्यांचा फायदा वाटतो.

रात्री हे सगळे वाढते. अंथरुणात अंग तापते, त्वचेतून पाणी जास्त उडते, दाह आवरणारे शरीरातले स्टिरॉइड रात्री कमी पातळीवर असते, आणि लक्ष दुसरीकडे वळवायला काही नसते. झोपेत नकळत हात चालतो आणि सकाळी चादरीवर रक्ताचे डाग असतात. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला असेल तर आठवडाभर पाणी देण्यासाठी जागायचे, आणि दिवसा झोपू म्हटले तर ऊन आणि घाम खाज उठवतात. एका खोलीच्या घरात खाजवण्याच्या आवाजाने घरातल्या इतरांचीही झोप मोडते. अपुऱ्या झोपेने चिडचिड होते, लक्ष लागत नाही. दुचाकी, मळणीयंत्र किंवा विळा चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. दहा प्रश्नांत झोपेसाठी स्वतंत्र प्रश्न नाही, ही त्या प्रश्नावलीची मोठी उणीव आहे.

कामाचा प्रश्न सातवा. कामच करता आले नाही असे उत्तर दिले तर तीन गुण. म्हणजे अख्खा हंगाम बुडाला तरी तीसपैकी तीन. पगारी नोकराला आजारपणाची रजा असते. खुरपणीला न गेलेल्या मजुराची त्या दिवसाची मजुरी जाते आणि आठ दिवस चुकले तर मुकादम दुसरा माणूस बघतो. स्वतःची जमीन असलेला शेतकरी काम टाकू शकत नाही. तो दुखत्या हातानेच सोयाबीन काढतो, आणि मळणीच्या वेळी भुसकटाबरोबर वाळल्या गवताची धूळ तोंडावर घेतो. जुलै ते ऑक्टोबर हा रोगाचा जोर असतो आणि खरिपाच्या कामाचा जोरही तोच. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे हाल वेगळेच. पाचटाचे कापणारे पान, राखेची धूळ, अंघोळीला पुरेसे पाणी नाही, आणि उचल घेतलेली असल्याने परतही येता येत नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने रसायने आणि रंग यांच्या थेट स्पर्शाने होणारा त्वचादाह कळवण्याजोग्या व्यावसायिक रोगांत धरला. त्यात कारखान्याच्या आतला कामगार येतो. त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या शिवारात गवताच्या धुळीने चेहरा सुजलेला मजूर त्या यादीच्या बाहेर राहतो. ही गोष्ट बदलायला हवी. रोग कामामुळे झाला आहे, मग काम छपराखाली होते की उघड्यावर याने फरक पडू नये.

खेळाचा प्रश्न मुरुमच्या पन्नाशीतल्या शेतकऱ्याला लागू होत नाही. तो ‘लागू नाही’ असे उत्तर देतो, आणि त्याला शून्य गुण मिळतात. लैंगिक संबंधांच्या प्रश्नाला तर संकोचाने बहुतेक जण हेच उत्तर देतात. परिणामी ज्याचे आयुष्य सर्वांत जास्त बिघडले आहे त्याचा आकडा कमी निघू शकतो. ही त्रुटी जाणकारांच्या लक्षात आली, आणि ‘लागू नाही’ या उत्तरांचा हिशेब वेगळा करणारी सुधारित गुणपद्धती २०१८ साली मांडण्यात आली. तरीही आकड्यावर विसंबण्याआधी डॉक्टरने रोग्याच्या रोजच्या कामाबद्दल दोन प्रश्न आपल्या शब्दांत विचारावेत हे बरे. पाणी द्यायला रात्री जाता का? गुरांचे कोण बघते? ताटाला हात लावताना भेगांत मीठ-तिखट झोंबते का?

संकोचाचा प्रश्न प्रश्नावलीत एका ओळीत संपतो. गावात तो रोज भेटतो. चेहऱ्यावरचे आणि हातावरचे इसब लपत नाही. न्हावी दाढी करायला कां-कूं करतो, पंगतीत शेजारची जागा रिकामी राहते, दुकानदार पैसे हातात न घेता काउंटरवर ठेवायला सांगतो, आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या पाटीतल्या भाजीकडे गिऱ्हाईक हात पाहून पाठ फिरवते. जाड झालेला काळपट चेहरा पाहून कुष्ठरोगाचा संशय घेतला जातो. लग्नाच्या वाटाघाटीत घरातल्या माणसाचे इसब झाकण्याकडे कल असतो, जणू तो खानदानाचा दोष आहे. नवरा-बायको वेगळे झोपू लागतात. काही वेळा संसर्गाच्या भीतीने, काही वेळा मलमाच्या चिकटपणाने, काही वेळा नुसत्या थकव्याने. त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

दीर्घकाळ इसब असलेल्या प्रौढांत नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आत्महत्येचे विचारही त्यांच्यात जास्त आढळतात. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा कर्ज, पाऊस आणि भाव यांच्याभोवती फिरते आणि ते योग्यच आहे. पण वर्षानुवर्षे न झोपलेला, उत्पन्न घटलेला आणि माणसांत जायला लाजणारा रोगी त्याच घरात राहत असतो. ‘खाजेनेही कुणी खचते का?’ हा प्रश्न ज्याला खाज नाही त्यालाच पडतो. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासासाठी दिवस-रात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

शेवटचा, दहावा प्रश्न उपचाराच्याच त्रासाचा आहे. इथे पथ्यापासून सुरुवात करावी लागते. इसब म्हटले की वांगे बंद, मसूर बंद, आंबट बंद, मासे बंद, अंडी बंद. मोठ्या माणसांच्या इसबाला अन्न क्वचितच कारणीभूत असते. ज्या घरात मुळातच डाळ-भाजी मोजकी आहे तिथे निम्मे ताट काढून घेतले तर उरते भाकरी आणि मीठ, आणि त्वचा भरून यायला लागणारी प्रथिने मिळत नाहीत. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होत असेल तर तेवढाच टाळावा. सरसकट पथ्याला आधार नाही. लिंबाच्या पाल्याचे पाणी, गोमूत्र, चुना, बॅटरीतले आम्ल असले प्रयोगही होतात. यांतले काही निरुपद्रवी, काही भाजणारे.

याहून मोठे नुकसान औषधाच्या दुकानातल्या स्वस्त नळीने होते. तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली मलमे चिठ्ठीशिवाय सहज मिळत राहिली आहेत. गजकर्णावर लावली तर खाज दबते आणि बुरशी पसरत जाते. इसबावर लावली तर आराम पडतो, मग तीच नळी चेहऱ्यावर वर्षभर चालते, त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि नळी थांबवली की दाह उसळून येतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या ‘एच’ अनुसूचीत आणली. नियम झाला, विक्री पुरती थांबलेली नाही. लेबल नसलेल्या पुड्या आणि महिन्याला एक इंजेक्शन हा दुसरा मार्ग. त्यातही पुष्कळदा स्टिरॉइडच असते. चार दिवसांत अंग निवळते म्हणून नाव होते, आणि काही वर्षांत मधुमेह, मोतीबिंदू, ठिसूळ हाडे समोर येतात.

याचा अर्थ स्टिरॉइड मलम वाईट असा नाही. इसबाचे ते मुख्य औषध आहे, आणि भीतीपोटी ते कमी लावणेही रोग लांबवते. योग्य ताकदीचे, योग्य जागी, ठरलेले दिवस लावले तर ते सुरक्षित असते. मापही सोपे आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून दाबून काढलेले मलम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ते प्रौढ माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चेहऱ्यासाठी आणि पापण्यांसाठी सौम्य मलम किंवा टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइडरहित मलम निवडतात. याच्या जोडीला रोजचा ओलावा लागतो: अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल. महागड्या बाटलीपेक्षा दिवसातून दोनदा न चुकता लावणे मोलाचे. पाणी कोमट, साबण थोडा. विंधनविहिरीचे पाणी जड असल्याने इसब होते असा समज आहे; जड पाण्याच्या भागात मुलांत इसब जास्त दिसते हे खरे, पण पाणी मऊ करणारे यंत्र बसवून केलेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत मुलांच्या इसबात अधिकचा फरक पडला नाही. त्या यंत्रावर पैसा घालवण्याचे कारण नाही.

कारण नेमके ठरवायला पॅच चाचणी असते. संशयित द्रव्ये छोट्या कप्प्यांत घालून पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि त्या दिवशी व पुन्हा एक-दोन दिवसांनी वाचतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाण संचात गाजर गवताचा अर्क असतो. उपचारातली ही फार मोलाची पायरी आहे, आणि मुरुमच्या रुग्णासाठी तीच सर्वांत अवघड. उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या पुढे सोलापूर, लातूर, धाराशिव किंवा सीमेपलीकडचे कलबुर्गी गाठावे लागते. एका आठवड्यात तीन खेपा, तीन दिवसांची मजुरी आणि तेवढे दिवस पाठ ओली न करणे, तेही घामाच्या दिवसांत. चाचणी हिवाळ्यात, रोगाचा जोर कमी असताना ठेवली तर निकालही नीट येतो आणि शेतीची घाईही आडवी येत नाही.

मलमाने आवरत नसलेल्या गाजर गवताच्या इसबात ॲझाथायोप्रिन हे औषध भारतात चांगलेच रुळले आहे. दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोग विभागाने ते रोज किंवा आठवड्यातून एकदा मोठ्या मात्रेत देण्याचे अभ्यास केले, आणि अनेक रुग्णांना तोंडावाटे स्टिरॉइड न घेता दीर्घकाळ आराम मिळाला. औषध स्वस्त आहे, पण रक्तातल्या पेशी आणि यकृत यांची तपासणी ठरलेल्या अंतराने करावीच लागते. एका जनुकीय बदलामुळे काही भारतीयांत पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, म्हणून पहिल्या आठवड्यांतली तपासणी चुकवू नये. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डुपिलुमॅबसारख्या जैविक औषधांनी बालपणापासूनच्या इसबाचा उपचार बदलला. त्यांची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही. ताप येणे, जखमांत पू होणे, एकदम वेदनादायक पुटकुळ्या उठणे किंवा सगळे अंग लाल होऊन थंडी वाजणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

गवताशी संबंध राहिला तर कोणतेही औषध पुरे पडत नाही. शेतात जाताना लांब बाह्यांचा सुती सदरा, मान झाकणारे उपरणे, हातमोजे; परतल्यावर लगेच अंघोळ आणि कपडे बदलणे; ते कपडे अंथरुणापासून लांब ठेवणे आणि गवताच्या बाजूला वाळत न घालणे, एवढे तरी पाळता येते. ज्याला इसब आहे त्याने गवत उपटायला जाऊच नये. वाळलेले गवत झोडपणेही टाळावे, कारण त्याचेच कण सर्वांत दूर उडतात. घरच्यांनी कामाची वाटणी बदलली, त्याला मळणी आणि खुरपणीऐवजी दुसरे काम दिले तर हंगाम वाचतो.

एकट्याच्या बांधावरचे गवत काढून मात्र भागत नाही, कारण वारा शेजारच्या गायरानावरून येतो. त्यामुळे हा उपचार ग्रामपंचायतीचा आणि नगरपरिषदेचाही आहे. फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटलेल्या गवताचे कंपोस्ट करता येते. फुलल्यावर उपटले तर बी सगळीकडे पसरते. मोकळ्या जागी तरोटा दाट वाढू दिला तर तो गाजर गवताला दाबतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह होतो. मराठवाड्याच्या दृष्टीने तो थोडा उशिराचा आहे, कारण तोपर्यंत पुष्कळ झाडे फुललेली असतात. जुलैचा पहिला पंधरवडा इथे जास्त उपयोगाचा.

मेक्सिकोतून आणलेला आणि १९८४ साली बंगळूर भागात प्रथम सोडलेला झायगोग्रामा हा भुंगेरा गाजर गवताची पाने खाऊन झाड खुरटवतो. त्याच्या अळ्या आणि प्रौढ दोन्ही पाने खातात. तो सूर्यफुलावर जाईल अशी भीती मध्यंतरी कर्नाटकात उठली होती. तज्ज्ञांच्या चौकशीत तो सूर्यफुलाची कीड ठरला नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात हे भुंगेरे वाढवून शेतकऱ्यांना पुरवले जातात. पावसाळा सुरू झाल्यावर गवत कोवळे असताना, जिथे फवारणी होत नाही अशा गायरानावर किंवा रस्त्याच्या कडेला ते सोडतात. हिवाळ्यात ते जमिनीत शिरून सुप्त राहतात आणि पुढच्या पावसाबरोबर वर येतात. त्यामुळे पहिल्या वर्षी फरक थोडा दिसतो. त्याच जागी दोन-तीन वर्षे भुंगेरे सोडत राहावे लागतात.